एकच जनुक, वेगवेगळं वय

१९६० साली मेलबर्नमध्ये एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून रुग्णालयात दाखल झाला. नडगीचं हाड मोडलं होतं आणि शस्त्रक्रिया करावी लागणार होती. त्याला मात्र पायाची फारशी काळजी नव्हती. त्याला धास्ती होती ती भुलीची, कारण त्याच्या नात्यातली दहा माणसं ईथरची भूल दिल्यावर दगावली होती. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन हे तेव्हा नवं असलेलं औषध वापरलं. तरीही थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब कोसळला आणि अंग भट्टीसारखं तापलं. भूल तिथल्या तिथे थांबवून, बर्फ लावून त्याला कसंबसं वाचवलं. मायकेल डेनबरो आणि लव्हेल या दोन डॉक्टरांनी ही हकीकत त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. आज हा विकार ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ या नावाने ओळखला जातो आणि भूलतज्ज्ञ ‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?’ असं विचारतात, त्यामागे हे घराणं आहे.

या विकारात बहुतेकदा एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या ‘आरवायआर-१’ या जनुकात दोष असतो. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटलं की स्नायू आकसतो आणि ते परत साठवलं गेलं की सैल पडतो. कॅल्शियम सोडणारं प्रथिन या जनुकावरून तयार होतं. दोष असला तरी एरवी काही बिघडत नाही. माणूस धावतो, पोहतो, पोती उचलतो. ठरावीक भूलवायू नाकात गेला की मात्र कॅल्शियम सुटतच राहतं, सगळे स्नायू एकदम आकसतात आणि स्वतःच्याच उष्णतेत जळू लागतात. डॅन्ट्रोलीन हे औषध हाताशी येण्यापूर्वी यातले बहुतेक रुग्ण दगावत असत. आणखी एक चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे यातल्या कित्येकांना आधी एक-दोनदा तीच भूल दिलेली असते आणि तेव्हा काहीही झालेलं नसतं.

मग त्या विद्यार्थ्याला आजार झाला कधी? गर्भात असताना, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर? स्नायूंच्या आनुवंशिक विकारांत हा प्रश्न वारंवार समोर येतो. ‘जनुकात आहे’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या कानी ‘नशिबात आहे’ असं पडतं, जणू तारीख, वार, तीव्रता सगळं आधीच लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात एका जनुकातला दोष आजार कोणता ते सांगतो. तो कधी उघड होईल आणि किती छळेल, हे ठरवताना बाकीच्या पुष्कळ गोष्टी मध्ये येतात.

या विकारांतला सगळ्यात परिचित म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. नाव फ्रान्सच्या ड्यूशेन यांचं, त्यांनी १८६०च्या दशकात त्याचं सविस्तर वर्णन केलं म्हणून. खरं तर लंडनच्या एडवर्ड मेरियन यांनी त्याच्या सुमारे दहा वर्षं आधी अशा मुलांची घराणी पाहिली होती आणि बिघाड मज्जारज्जूत नसून स्नायूंतच आहे हेही ओळखलं होतं. वैद्यकात नाव कुणाला मिळतं हा वेगळाच जुगार आहे. पुढे १८७९ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी एक खूण नोंदवली, ती आजही एमआरआयच्या जमान्यात टिकून आहे. जमिनीवर बसलेला मुलगा उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर टेकतो, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. आपल्याकडे मांडी घालून जेवायला, अभ्यासाला बसण्याची सवय असल्यामुळे ही खूण घरच्यांच्या डोळ्यांसमोर रोज असते. बालवाडीतल्या बाई ‘जरा आळशी आहे’ म्हणतात आणि आजी ‘उशिरा चालायला लागला, होईल ठीक’ म्हणते. पोटऱ्या तर चांगल्या भरलेल्या दिसतात. त्यांतल्या स्नायूची जागा चरबीने घेतली आहे हे वरून कळत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाचं हे दुखणं ‘सुरू’ झालं कधी? त्याचं रक्त जन्मल्याबरोबर तपासलं असतं, तर स्नायूंतून झिरपणाऱ्या सीपीके या विकराचं प्रमाण तेव्हाच निरोगी बाळाच्या कित्येक पट सापडलं असतं. म्हणजे स्नायूंची पडझड पहिल्या दिवसापासून चालू असते आणि शरीर डागडुजी करत असतं. पडझड डागडुजीच्या पुढे गेली की आपल्याला लक्षण दिसतं. आपण ज्याला आजाराची सुरुवात म्हणतो, ती अनेकदा आपल्याला पत्ता लागल्याची तारीख असते. इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगायला हवी. एसजीओटी आणि एसजीपीटी हे विकर यकृताबरोबर स्नायूंतही असतात. तापासाठी केलेल्या रक्ततपासणीत ते वाढलेले दिसले की कावीळ, यकृत असा शोध सुरू होतो आणि त्यात महिनेच्या महिने जातात. लहान मुलग्यात हे आकडे वाढलेले असतील आणि कारण सापडत नसेल, तर सीपीकेची साधी, स्वस्त तपासणी करून घेतलेली बरी.

या विकाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. अमेरिकेत लुई कुंकेल यांच्या गटाने १९८६ मध्ये ते शोधून काढलं आणि पुढच्याच वर्षी त्यावरून बनणारं प्रथिन सापडलं. त्याचं नाव डिस्ट्रॉफिन. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या जनुकांपैकी हे एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं. त्यातली कामाची अक्षरं मात्र जेमतेम १४ हजार, तीही ७९ तुकड्यांत विखुरलेली. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. पेशी आधी सगळं जनुक उतरवून घेते (यालाच सुमारे सोळा तास लागतात), मग मधला मजकूर कापून टाकून तुकडे एकापुढे एक जोडते. डिस्ट्रॉफिन पेशीच्या आतल्या सांगाड्याला पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवतं. ते नसेल तर प्रत्येक आकुंचनाला आवरण थोडं थोडं फाटतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. इतकं लांबलचक जनुक म्हटल्यावर नक्कल करताना चुका होणारच. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत त्याचे एक किंवा अधिक एक्झॉन गळालेले सापडतात.

१९५५ मध्ये जर्मनीचे पेटर एमिल बेकर यांनी असाच, पण बराच सौम्य विकार वर्णिला होता. त्यात माणूस सोळाव्या वर्षानंतरही चालतो, कधी कधी तर पन्नाशीपर्यंतही. जनुक हाती आल्यावर कळलं की ड्यूशेन आणि बेकर ही एकाच जनुकाची दोन रूपं. साहजिकच सगळ्यांना वाटलं की मोठा तुकडा गळाला तर ड्यूशेन आणि छोटा गळाला तर बेकर. तपासून पाहिलं तर गणित उलटंपालटं निघालं.

पेशी जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचते आणि प्रत्येक गटामागे प्रथिनाचा एक दुवा जोडते. पन्नासावा एक्झॉन १०९ अक्षरांचा आहे. १०९ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. तो एक्झॉन गळाला की पुढचं सगळं वाचन एका अक्षराने सरकतं. सदऱ्याचं वरचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, तसं. थोडं पुढे गेल्यावर ‘थांबा’ असा खोटाच संकेत वाचला जातो आणि प्रथिन अर्धवट सुटतं. याचा परिणाम म्हणजे ड्यूशेन. आता पन्नासाव्याबरोबर एकावन्नावाही गळाला असं समजा. तो २३३ अक्षरांचा. दोन्ही मिळून ३४२, आणि याला तीनने बिनबाकी भाग जातो. मधले ११४ दुवे गेले, पण पुढचं वाचन जागच्या जागी राहिलं. प्रथिन आखूड झालं तरी त्याची दोन्ही टोकं शाबूत राहिली आणि बांधून ठेवायचं काम टोकांचं आहे. अशा मुलाला सौम्य आजार होतो. म्हणजे १०९ अक्षरं हरवलेला मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना चाकाच्या खुर्चीत बसतो आणि ३४२ हरवलेला त्या वयात पायी शाळेत जातो. या नियमाला अपवाद आहेत, तरी दहापैकी नऊ वेळा तो लागू पडतो.

याची हद्द १९९० मध्ये दिसली. ब्रिटनमधल्या संशोधकांनी एका माणसाचं जनुक तपासलं, त्यात डिस्ट्रॉफिनचा ४६ टक्के भाग नव्हताच. तो माणूस एकसष्टाव्या वर्षी चालत होता. आजच्या उपचारांमागची कल्पना अशा माणसांकडूनच आली आहे. पन्नासावा एक्झॉन नसलेल्या मुलाच्या पेशीला औषध देऊन एकावन्नावाही वगळायला लावायचा, म्हणजे वाचन पुन्हा मार्गावर येतं. ‘एटेप्लिर्सेन’ हे या तऱ्हेचं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. दुसरी वाट म्हणजे मुद्दाम आखूड केलेलं डिस्ट्रॉफिनचं जनुक विषाणूच्या कवचात घालून शरीरात सोडायचं. कवचात पाच हजारांहून कमी अक्षरं मावतात, म्हणून जनुक छाटावंच लागतं. असा उपचार २०२३ मध्ये तिथे मंजूर झाला, पण २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या काही मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यावर त्याच्या वापरावर बंधनं आली. दोन्ही उपचारांची मंजुरी वादग्रस्त ठरली आणि किमती सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहेत. ‘इलाज सापडला’ असे मथळे वाचून जमीन विकायला निघण्याआधी एवढं ठाऊक हवं. स्टेरॉइडच्या गोळ्या त्यामानाने साध्या आणि जुन्या, पण त्यांनी चालण्याची काही वर्षं वाढतात हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

तीन अक्षरांच्या हिशेबाने मोठा फरक कळला, तरी एक कोडं उरतंच. दोन सख्खे भाऊ, दोघांत हुबेहूब तोच दोष आणि तीच औषधं. एक नवव्या वर्षी चालायचा थांबतो, दुसरा तेराव्या वर्षी. इथे इतर जनुकं पुढे येतात. एलटीबीपी-४ नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार ज्या मुलांना आई-वडील दोघांकडून मिळालेला असतो, ती दीड-दोन वर्षं जास्त चालतात असं २०१३ मध्ये दिसलं. डिस्ट्रॉफिनशी या जनुकाचा थेट संबंध नाही. मेलेल्या पेशीच्या जागी तंतूंचं किती जाळं माजू द्यायचं, ते ठरवण्यात त्याचा हात असतो. पडझड दोन्ही मुलांत सारखीच, पण ढिगारा हटवण्याची रीत वेगळी.

याचं सगळ्यात थक्क करणारं उदाहरण ब्राझीलमधलं आहे आणि ते माणसाचं नाही. गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांनाही डिस्ट्रॉफिन नसल्याचा आजार होतो आणि बहुतेक पिल्लं दोन वर्षांच्या आत मरतात. साओ पाउलो विद्यापीठात मायाना झात्झ यांच्याकडे रिंगो नावाचा एक कुत्रा होता. त्याच्या स्नायूंत डिस्ट्रॉफिन औषधालाही नव्हतं आणि सीपीके प्रचंड वाढलेलं होतं. तरीही हा गडी हुंदडत होता, पिल्लांचा बापही झाला आणि अकरा वर्षं जगला. त्याचं एक पिल्लू, सुफ्लेअर, तेही तसंच निघालं. कागदावर आजारी, अंगणात धडधाकट. शोध घेतल्यावर २०१५ मध्ये कळलं की ‘जॅग्ड-१’ या जनुकाच्या आधीच्या भागात या बापलेकांमध्ये एक अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे स्नायू दुरुस्त करणारी यंत्रणा जास्त जोरात चालते. मुख्य दोषाला कुणी हातही लावला नव्हता. मला हे संशोधन जनुकोपचारांच्या मथळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण तुटलेलं जोडता आलं नाही तरी माणूस चालता राहू शकतो, अशी एक शक्यता त्यातून समोर येते.

आता अगदी वेगळ्या तऱ्हेचं दुखणं, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. या माणसाने हातात हात दिला की चटकन सोडवता येत नाही. मूठ आवळते, पण उघडायला वेळ लागतो. जोडीला मोतीबिंदू, हृदयाच्या ठोक्यांत अडथळा, लवकर टक्कल, दिवसा पेंग. एकेका तक्रारीसाठी माणूस वेगळ्या डॉक्टरकडे जातो आणि सगळ्यांना जोडणारा धागा कुणालाच दिसत नाही. ब्रूनो फ्लायशर या जर्मन नेत्रतज्ज्ञाला १९१८ मध्ये तो दिसला. या रुग्णांची घराणी मागे तपासत गेल्यावर त्यांना आढळलं की आधीच्या पिढीत फक्त मोतीबिंदू, पुढच्या पिढीत तरुणपणी स्नायूंचा आजार आणि त्यापुढच्या पिढीत तो आणखी लवकर. पिढीगणिक दुखणं अलीकडे सरकत होतं.

लायोनेल पेन्रोज या नामवंत ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञांना हे पटलं नाही. १९४८ मध्ये त्यांनी दाखवलं की हा नोंदींचा खेळ असू शकतो. मूल गंभीर आजारी असलं की घराणं डॉक्टरांच्या नजरेत येतं, मग वरच्या पिढीत शोधलं की सौम्य रुग्ण सापडतात. लहानपणीच गंभीर आजारी झालेल्यांना मुलं होत नाहीत, म्हणून ते आई-बाप म्हणून यादीत येतच नाहीत. युक्तिवाद बिनतोड होता आणि चार दशकं तोच पाठ्यपुस्तकांत शिकवला गेला. १९९२ मध्ये जनुक सापडलं आणि फ्लायशरचे डोळे खरे ठरले. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात ‘सीटीजी’ ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती पाच ते पस्तीसच्या आसपास वेळा असतात. पन्नासच्या पुढे गेली की आजार. शंभराच्या आसपास असतील तर उतारवयात मोतीबिंदूवर भागतं, शेकड्यांत गेली की ऐन तारुण्यात आजार, आणि हजाराच्या पुढे गेली तर बाळ जन्मतःच लुळं. ही आवर्तनं पुढच्या पिढीत जाताना वाढतात आणि जन्मजात गंभीर रूप जवळजवळ नेहमी आईकडूनच येतं.

आकडा कळला म्हणजे वय कळलं असं मात्र नाही. तपासणी होते रक्ताची आणि आवर्तनं प्रत्येक अवयवात आयुष्यभर वेगवेगळ्या वेगाने वाढत राहतात. स्नायूंत ती रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. काही थोड्या लोकांत मध्येच एखादं वेगळं अक्षर शिरलेलं असतं, तिथे साखळी वाढायला अडखळते आणि आजार उशिरा येतो. डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकंही प्रत्येकाची थोडी वेगळी. आणखी एक गंमत अशी की चेहरा आणि खांद्यांच्या स्नायूंना ग्रासणाऱ्या एका डिस्ट्रॉफीत हेच गणित उलटं चालतं. तिथे चौथ्या गुणसूत्राच्या टोकाची आवर्तनं दहा किंवा त्याहून कमी झाली की आजार होतो.

आतापर्यंतची सगळी दुखणी तशी दुर्मीळ. पण ‘माझ्या अंगात कुठलं जनुक लपलंय?’ हा प्रश्न कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यालाही लागू आहे. स्टॅटिन गटातल्या औषधांनी क्वचित स्नायूंना इजा होते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत २००८ मध्ये दिसलं की यकृतात औषध ओढून घेणाऱ्या ‘एसएलसीओ-१-बी-१’ या जनुकातलं एक अक्षर इथे निर्णायक ठरतं. सिमव्हास्टॅटिनचा ८० मिलिग्रॅमचा जबर डोस घेणाऱ्यांपैकी ज्यांना हा बदल दोन्हीकडून मिळाला होता, त्यांच्यात पाच वर्षांत स्नायूविकाराचा धोका १८ टक्के होता. एकाच बाजूने मिळालेल्यांत तो ३ टक्के होता आणि अजिबात नसलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. हा डोस आता वापरातून जवळपास गेलाच आहे. स्टॅटिन घेताना अंग दुखतं अशी तक्रार पुष्कळांची असते, पण खोट्या गोळीवरही ती जवळजवळ तितकीच येते, असं २०२०च्या एका प्रयोगात दिसलं. तेव्हा हा परिच्छेद वाचून गोळी परस्पर बंद करू नये.

आपल्याकडच्या आनुवंशिक स्नायूविकारांत समाजरचनेचा वाटा मोठा आहे. काही डिस्ट्रॉफी आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच होतात. खांदे आणि कंबर यांचे स्नायू दुबळे करणाऱ्या अशा एका विकाराचे दोन ठरावीक दोष अगरवाल समाजात पुन्हा पुन्हा सापडतात, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. कुणा दूरच्या पूर्वजाकडून आलेली ती अक्षरं समाजातल्या समाजात लग्नं होत राहिल्याने टिकली. गोत्र टाळून हे टळत नाही, कारण गोत्र फक्त बापाच्या वंशाचा हिशेब ठेवतं आणि जनुक आज्या-पणज्यांकडूनही येतं. महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडे, मामाची मुलगी करण्याची चाल आहे. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात, त्यामुळे दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

ड्यूशेनच्या बाबतीत दोष आईच्या माथी मारला जातो, कारण एक्स गुणसूत्र मुलग्याला आईकडूनच मिळतं. इथे आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचा हिशेब कामाला येतो. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी भारतात काढली. १९३५ मध्ये हिमोफिलियाचा अभ्यास करताना त्यांनी मांडलेलं गणित असं: स्त्रियांकडे दोन एक्स, पुरुषांकडे एक, म्हणजे अशी एक तृतीयांश गुणसूत्रं पुरुषांत असतात. आजारी मुलग्यांना मुलं होत नसतील तर दर पिढीला एक तृतीयांश सदोष प्रती संपतात. तरीही आजार कमी होत नाही, याचा अर्थ तेवढ्याच नव्या तयार होत असल्या पाहिजेत. ड्यूशेनच्या साधारण तीनातल्या एका मुलाची आई वाहक नसतेच. दोष त्याच्यात पहिल्यांदाच उपजलेला असतो.

मात्र आईच्या रक्तात दोष सापडला नाही म्हणून पुढचं बाळंतपण निर्धास्त समजायचं नसतं. कधी कधी तो फक्त तिच्या काही स्त्रीबीजांत असतो, रक्ताच्या पेशींत नाही, आणि दुसऱ्या मुलग्यालाही तोच आजार होऊ शकतो. म्हणून अशा घरांत पुढच्या गर्भाची तपासणी सुचवली जाते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यानेही लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी अशी तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात करायला मुभा ठेवली आहे, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसतं. आजारी मुलाच्या बहिणीची तपासणी मात्र तिला समजण्याच्या वयात, तिच्या संमतीने व्हावी. तिच्या लग्नाच्या बोलणीत कुणी परस्पर काढलेला तो विषय नसावा.

आणि जी आई किंवा बहीण वाहक निघते, तिची गोष्ट वाहक म्हणून संपत नाही. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी कोणतं चालू राहील हे पेशीपेशीला वेगळं ठरतं, त्यामुळे काही वाहक स्त्रियांत स्नायू थोडे दुबळे होतात आणि काहींत हृदयाचा स्नायू हळूहळू पसरतो. यासाठी प्रौढपणी काही वर्षांच्या अंतराने ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यायचा असतो. मुलाच्या फिजिओथेरपीच्या, श्वासाच्या आणि हृदयाच्या तपासण्यांच्या तारखा तिला तोंडपाठ असतात. तिच्या स्वतःच्या इकोची तारीख बहुतेक वेळा कुणी दिलेलीच नसते.